कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये स्नायू टिकवायचे असतील तर: घरच्या व्यायामाची तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पेशंट घरी आला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळे मिळून त्याला पलंगावर बसवून ठेवतात, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात, "तुम्ही नुसते पडून राहा, ताकद वाचवा". नाहीतर कोणीतरी सांगतं चालायला हवं, मग रोज सकाळी अर्धा तास चालणं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं व्यायाम झाला. दोन्हीकडे मांड्या बारीक होत राहतात आणि दोन-तीन महिन्यांनी माणूस संडासातून उठताना भिंत धरायला लागतो.

पडून राहून ताकद वाचत नाही. निरोगी म्हाताऱ्या माणसांना अभ्यासासाठी फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं तर त्यांच्या पायांमधला स्नायू जवळजवळ १ किलोने कमी झाला होता, आणि त्यांना कॅन्सर नव्हता. कॅन्सरमध्ये याच्यावर आजाराची सूज येते, म्हणजे अंगभर चालू असलेली दाहाची प्रक्रिया, ती स्नायू मोडत राहते आणि भूकही मारते. यालाच डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात आणि तो नुसतं जास्त खायला घालून पूर्ण भरून येत नाही. चालणं चांगलंच आहे, दम वाढतो, थकवा कमी होतो, मूड सुधारतो. पण स्नायूला टिकून राहायचं कारण मिळतं ते त्याच्यावर भार पडल्यावर. म्हणून हा लेख भाराच्या व्यायामाबद्दल आहे, चालणं त्यात शेवटी येतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. ट्रीटमेंट चालू असताना व्यायामाने थकवा कमी होतो, ताकद आणि रोजची कामं करायची क्षमता टिकते, याला भक्कम पुरावा आहे. आजार खूप पुढे गेलेला असेल, वजन झपाट्याने उतरत असेल तिथे पुरावा तेवढा भक्कम नाही, तिथे स्नायू वाढवायची अपेक्षा ठेवू नका, स्वतःचं स्वतः उठता-बसता येणं जितके दिवस टिकेल तितकं टिकवायचं हे ध्येय ठेवा.

## टप्पा १: परवानगी नीट विचारा

ओपीडीत "व्यायाम केला तर चालेल का" असं विचारलं की "हो, हलका करा" एवढंच उत्तर मिळतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. प्रश्न नेमके विचारा, घरून कागदावर लिहून न्या:

१. आजार हाडात पसरलाय का, आणि नेमका कुठल्या हाडात?
२. चालू असलेल्या औषधांनी हृदयावर परिणाम होतो का? डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब चालू असेल तर शेवटचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला आणि कसा आला?
३. ऑपरेशन झालं असेल तर किती आठवडे जड उचलायचं नाही, आणि जड म्हणजे किती किलो? (पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण ६ ते ८ आठवडे सांगतात. स्टोमा, म्हणजे संडास किंवा लघवीसाठी पोटावर केलेली वाट, असेल तर पोटावर ताण येणारं काहीही विचारल्याशिवाय नको, हर्निया होतो.)
४. पोर्ट किंवा पिक लाइन (केमोचं औषध द्यायला छातीत किंवा दंडात बसवलेली नळी) असेल तर त्या बाजूच्या हाताने काय करायचं आणि काय नाही?
५. स्टिरॉइड चालू आहे का, किती दिवस? डेक्सामेथासोन जास्त दिवस चाललं की मांड्या आणि खांदे कमजोर होतात, तेव्हा खुर्चीतून उठणं अवघड झालं तर सगळा दोष कॅन्सरला देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

पहिला प्रश्न कधीच गाळू नका. मणक्यात गाठ असेल तर पुढे वाकून वजन उचलणं, कंबर पिळणं, सिट-अप्स हे सगळं बंद. मांडीच्या हाडात असेल तर पायऱ्या चढणं आणि एका पायावर भार देणं हे डॉक्टरांनी एक्स-रे बघून हो म्हटल्यावरच. याचा अर्थ व्यायाम बंद असा नाही, बाकीच्या अंगाचा चालू राहतो, फक्त तो फिजिओकडून आखून घ्यायचा, युट्यूब बघून नाही.

मग सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट बघा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर बँड (व्यायामाची ताणायची रबरी पट्टी) आणि वजनं बाजूला ठेवायची, हळू चालणं आणि बसल्या जागी हातपाय हलवणं एवढंच. २०,००० च्या खाली असतील तर टीमने सांगितल्याशिवाय काही नाही. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर आधी फोन करून विचारा. पांढऱ्या पेशी खूप कमी असतील तर जिम, बाग, गर्दी टाळा, घरच्या घरी करा. हे आकडे हॉस्पिटलप्रमाणे थोडे बदलतात, तुमच्या टीमने दिलेला आकडा असेल तोच धरायचा.

आज व्यायाम नाही, जर:
- ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आहे (केमो चालू असेल तर ताप आल्याबरोबर हॉस्पिटलला फोन, गोळी घेऊन वाट बघत बसू नका)
- कालपासून उलट्या किंवा जुलाब चालू आहेत
- छातीत दुखतंय, धडधडतंय, बसल्या जागी दम लागतोय
- एकच पाय सुजलाय आणि पोटरी दुखतेय (रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा)
- नव्याने हाड दुखायला लागलंय, खास करून रात्री
- पाय अचानक लुळे किंवा बधिर वाटतायत, लघवी-संडासचा ताबा सुटलाय (सकाळची वाट न बघता लगेच इमर्जन्सीला)

## टप्पा २: सुरुवातीलाच मोजून ठेवा

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि मग एक महिन्याने "बरं वाटतंय" किंवा "काही फरक नाही" यापलीकडे काही सांगता येत नाही. चार गोष्टी मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा.

१. वजन. आठवड्यातून एकदा, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर. ६ महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोच्या वर, तर ती डॉक्टरांना स्वतःहून सांगायची गोष्ट आहे, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही.

२. पोटरीचा घेर. खुर्चीत बसून, पाय जमिनीवर, शिवणकामाच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग. आशियाई लोकांसाठीच्या निकषात पुरुषांना ३४ सेंटीमीटर आणि बायकांना ३३ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे स्नायू कमी असल्याची शंका घ्यायची.

३. पाच वेळा उठ-बस. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, सलग पाच वेळा, मोबाइलवर वेळ लावून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर आहेत. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर तेच लिहा, "हात टेकून उठतात", ती तुमची आजची पायरी.

४. रोजचं एक काम. न थांबता किती पायऱ्या, जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का, भरलेली बादली उचलता येते का. पेशंटला स्वतःला जे जमायला हवंसं वाटतं ते निवडा, तुम्हाला वाटतं ते नाही.

इथे होणारी चूक: फक्त वजनाकडे बघणं. पायावर सूज असेल, पोटात पाणी असेल तर काटा वर जातो आणि आत स्नायू कमी होत असतो. आधीच जाड असलेल्या माणसाचं तर कोणाला कळतही नाही, दिसायला तब्येत चांगली आणि उठताना हात धरावा लागतो. पायाला सूज असेल तर पोटरीचं मापही फसवं येतं, तेव्हा उठ-बसच्या सेकंदांवरच विश्वास ठेवा.

## टप्पा ३: ताटात प्रोटीन आलं का ते बघा, मगच बँड हातात घ्या

उपाशी पोटी किंवा नुसत्या पेजेवर व्यायाम करून स्नायू टिकत नाही. कॅन्सर पेशंटसाठी साधारण हिशोब असा की दिवसाला किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रोटीन आणि किलोमागे २५ ते ३० कॅलरी. ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम प्रोटीन आणि १५०० ते १८०० कॅलरी. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.

आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात ते आठवा: भाताची पेज, वरणाचं वरचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा ज्यूस, साबुदाण्याची खीर. पोट भरतं आणि प्रोटीन फारच कमी. एक अंडं साधारण ६ ग्रॅम, मोठा ग्लास दूध ८, घट्ट वरणाची वाटी ६-७, वाटीभर दही ५, ५० ग्रॅम पनीर ९, मूठभर शेंगदाणे ७, कोरडे सोया चंक्स २५ ग्रॅम घेतले तर १३, शिजलेलं चिकन १०० ग्रॅम म्हणजे २५ च्या आसपास. दोन अंडी, दोन ग्लास दूध, वरण, दही, पनीर आणि थोडे सोया चंक्स असं दिवसभरात विभागून गेलं की साठीच्या आसपास पोचता, पोळी-भाकरीचं वेगळं. एका वेळी फार खाल्लं जात नाही म्हणून दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्यायचं, आणि पहिला घास प्रोटीनचा असू द्या, कारण चार घासांत पोट भरतं.

पेज द्यायचीच असेल तर त्यात दूध पावडर, सोया पीठ किंवा सातूचं पीठ घाला. अंडं पूर्ण उकडलेलं असावं, दूध उकळलेलं.

व्यायाम झाल्यावर तासाभरात प्रोटीन असलेलं काहीतरी पोटात जायला हवं, म्हणून व्यायामाची वेळ खाण्याच्या वेळेवरून ठरवा, उलटं नाही.

तपासा: कालच्या दिवसाचं सगळं खाणं लिहून बेरीज करा. निम्म्याच्याही खाली असेल तर या आठवड्यात व्यायामाचा एकच सेट (सेट म्हणजे एक व्यायाम सलग ८-१० वेळा) ठेवा आणि आधी डाएटिशियनला गाठा. तोंड आलंय, मळमळ आहे, बद्धकोष्ठता आहे म्हणून खाणं होत नसेल तर त्याची औषधं असतात, ती मागून घ्या. सहन करत बसू नका.

## टप्पा ४: जागा आणि सामान

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, उठताना मागे सरकते आणि माणूस खाली बसतो. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, मोजे घालून फरशीवर अजिबात नाही. थेराबँडचे दोन रंग घ्या, नेहमीच्या क्रमात पिवळा हलका, मग लाल, मग हिरवा, पण कंपनीप्रमाणे फरक असतो म्हणून दुकानात ओढून बघा. वजनासाठी डंबेल लागत नाहीत, एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, डाळीचं पाकीट म्हणजे एक किलो.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा व्हिन्क्रिस्टिन घेतलेल्यांच्या तळपायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, पाय कुठे पडतोय ते कळत नाही. अशा पेशंटने उभ्याने करायचं सगळं किचनच्या ओट्याला धरून करायचं आणि घरात कोणीतरी जवळ असताना.

## टप्पा ५: एका वेळचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे कारण ताकद मोजकी असते. आधी अर्धा तास चालून येतात आणि मग पायांच्या व्यायामाला जीवच उरत नाही, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मोठे स्नायू आधी, हात नंतर, चालणं शेवटी.

१. वॉर्म-अप, ५ मिनिटं. बसून घोटे फिरवा, गुडघे एकेक करून सरळ करा, खांदे फिरवा, मग ओट्याला धरून जागच्या जागी चाला.

२. खुर्चीतून उठ-बस. पाय खुर्चीकडे थोडे आत घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना तीन आकडे मोजत हळू बसा. धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम वाया, हळू खाली येतानाही मांडीवर काम पडतं. हात टेकल्याशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर एक-दोन घट्ट उशा ठेवून उंची वाढवा आणि तिथून सुरू करा.

३. टाचा उचलणं. ओट्याला धरून, वर जाऊन एक क्षण थांबायचं, हळू खाली.

४. ब्रिज. पलंगावर उताणं, गुडघे मोडून, कंबर वर उचलायची. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी विचारून.

५. भिंतीवर दंड. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, तळवे छातीच्या उंचीला टेकवून, कोपरं मोडत जवळ जायचं आणि ढकलायचं.

६. बँड ओढणं. बँड खिडकीच्या पक्क्या गजाला अडकवा, खुर्चीत बसून दोन्ही कोपरं मागे ओढा, पाठीची पाती एकमेकांकडे यायला हवीत. बँड चिरलेला नाही ना ते प्रत्येक वेळी बघा, तुटून डोळ्याला लागतो.

७. चालणं, १० मिनिटांपासून, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने.

पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाचा एकच सेट, ८ ते १० वेळा. मग दोन सेट. दोन सेटच्या मध्ये एक-दोन मिनिटं बसायचं, घाई नाही. आठवड्यातून दोन दिवस भाराचा व्यायाम हवाच, तीन जमले तर उत्तम, मध्ये एक दिवस सुट्टी. चालणं मात्र रोज चालतं. एका दमात सगळं होत नसेल तर सकाळी पाय आणि संध्याकाळी हात असं तोडा, फायदा कमी होत नाही.

श्वास रोखू नका. जोर लावताना श्वास सोडायचा. पेशंटला मोठ्याने आकडे मोजायला सांगा, आपोआप श्वास चालू राहतो.

## टप्पा ६: भार किती आणि कधी वाढवायचा

इथे दोन टोकं दिसतात. काही जण सहा महिने तीच अर्ध्या लिटरची बाटली तितक्याच वेळा वरखाली करत राहतात, आणि काही तरुण पेशंट, आधी जिमला जाणारे, पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलून आठवडाभर आडवे होतात.

शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा, शून्य म्हणजे आरामात बसलोय आणि दहा म्हणजे यापुढे शक्यच नाही. सेटच्या शेवटी ५-६ वर यायला हवं, म्हणजे जोर लागतोय पण अजून दोन-तीन वेळा झालं असतं. २-३ वर असाल तर भार कमी आहे, ८ वर असाल तर जास्त.

वाढवायचा नियम सोपा आहे: ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन वेळा जास्त जमलं, आणि असं लागोपाठ दोन सत्रांत झालं, तर एकच गोष्ट एका पायरीने वाढवा. आधी संख्या १२ ते १५ पर्यंत न्या, मग सेट, मग बँडचा रंग किंवा वजन. उठ-बससाठी आधी उशी काढा, मग छातीशी एक किलोचं पाकीट धरा. सगळं एकदम वाढवू नका, कारण दुसऱ्या दिवशी त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशीची तपासणी: मांड्या थोड्या भरून आल्यासारख्या वाटल्या तर ठीक. थकवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरला नाही, किंवा सांधा अथवा हाड दुखतंय, तर पुढच्या वेळी एक पायरी खाली या. बंद करू नका.

स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांना अजूनही सांगितलं जातं की त्या हाताने आयुष्यात काही उचलू नका. तसं नाहीये. हळूहळू वाढवत नेलेला वजनाचा व्यायाम लिंफेडिमा (गाठी काढल्यावर हाताला येणारी सूज) वाढवत नाही हे तपासून झालेलं आहे. अर्ध्या किलोपासून सुरू करा, हाताचा घेर मोजत राहा, सूज किंवा जडपणा वाढला तर थांबून दाखवा, स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) दिलेली असेल तर घालून करा.

## टप्पा ७: केमोच्या सायकलप्रमाणे आठवडे आखा

दर तीन आठवड्यांनी केमो असेल तर तीनही आठवडे सारखे नसतात, आणि एकच टाइमटेबल लावलं की चौथ्या-पाचव्या दिवशी ते मोडतं आणि मग माणूस "मला नाही जमत" म्हणून सोडूनच देतो.

पहिला आठवडा, केमोनंतरचे तीन ते पाच दिवस: घरातल्या घरात हालचाल, दर दोन तासांनी पाच उठ-बस, बस. मळमळ असेल तर मळमळीची गोळी घेऊन ती लागू पडल्यावर.

दुसरा आठवडा: रक्तातल्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान सगळ्यात खाली जातात. घरीच, नेहमीचा भार किंवा एक पायरी कमी. रिपोर्ट बघून.

तिसरा आठवडा: हा तुमचा. भूक परत आलेली असते, वाढवायचं ते याच आठवड्यात वाढवा आणि खाण्यावरही याच आठवड्यात जोर द्या.

पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर हाडं ठणकतात, ते दोन-तीन दिवस चालण्यावर भागवा.

## टप्पा ८: तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल तर वेगळं काय

आपल्याकडे तंबाखू-मावा-गुटख्यामुळे हे पेशंट इतके आहेत की त्यांच्यासाठी वेगळं लिहायलाच हवं, आणि यांचं वजन आणि स्नायू फार लवकर जातात कारण गिळणंच बंद होतं.

रेडिएशनच्या आधीचे आठवडे वाया घालवू नका. रेडिएशन साधारण ६ ते ७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस असतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, गिळताना दुखतं, थकवा वाढतो, संपल्यावरही काही आठवडे तो राहतो. त्यामुळे वाढवायचं ते आधी आणि पहिल्या दोन आठवड्यांत, नंतर फक्त टिकवायचं. शेवटच्या आठवड्यांत एकच सेट झाला तरी तो यशस्वी आठवडा समजा. परळला धर्मशाळेत किंवा एका खोलीत राहून रोज टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांनाही एक पक्की खुर्ची आणि एक बँड एवढंच लागतं. डेन्मार्कमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरवाल्यांना रेडिएशन संपल्यावर १२ आठवडे वाढत्या भाराचा व्यायाम दिला तेव्हा गेलेला स्नायू काही प्रमाणात परत आला होता, म्हणजे रेडिएशन संपलं की व्यायाम पण संपला असं करू नका, खरा भरून काढायचा काळ तोच.

नळीने फीड (पातळ अन्न) असेल तर: फीडनंतर किमान पाऊण ते एक तास थांबा, नाहीतर उलटून वर येतं. नळी गालाला किंवा कपड्याला नीट चिकटवा, बँड तिच्यात अडकता कामा नये. वाकून किंवा आडवं होऊन करायचं काही नको, ब्रिज सोडून द्या. आणि फीडमध्ये नक्की काय जातंय ते बघा, गाळून गाळून पातळ केलेल्या फीडमध्ये पाणीच जास्त असतं.

मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा बघा. तिथून जाणाऱ्या एका नसेवर परिणाम झाला की खांदा खाली पडतो, हात बाजूने वर जात नाही. डॉक्टरांनी टाके आणि फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून काढून लावलेला तुकडा) बघून हो म्हटल्यावर सुरुवात अशी: बसताना त्या हाताखाली उशी, हात लोंबकळत ठेवायचा नाही, त्या खांद्यावर बॅग नाही. मग दोन्ही पाठीची पाती मागे आवळून पाच आकडे धरणं, मग भिंतीवर बोटांनी चढत जाणं, आणि बँड सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलका. खांदा कानाकडे उचकावून हात वर नेला तर ती वेळ मोजायची नाही, आरशासमोर करा म्हणजे दिसतं. फ्लॅप छातीतून घेतला असेल तर भिंतीवरचे दंड उशिरा, पायातून हाड घेतलं असेल तर त्या पायावर किती भार द्यायचा ते सर्जनलाच विचारा.

तोंड उघडायचे व्यायाम वेगळे आणि तेही रोज हवेत, हे केले म्हणून ते सुटत नाहीत.

## टप्पा ९: पेशंट पलंगावरच असेल तर

काहीच नाही असं नसतं. आडव्याने घोटे वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं, ढुंगण आवळून धरणं, प्रत्येकी ८-१० वेळा, दिवसातून तीनदा. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, हे एकदम नाही, आधी दोन मिनिटं टेकून बसवा, चक्कर येत नाही ना बघा, मग पाय खाली. जेवण शक्य तितकं बसून. त्यानंतर दोघांच्या आधाराने उभं राहणं.

चूक: काखेत हात घालून ओढून उठवणं. खांदा निखळतो आणि पेशंटचे पाय काहीच करत नाहीत. कमरेला पक्का पट्टा किंवा दुमडलेला पंचा बांधून तो धरा, पाय त्यालाच टेकवू द्या, आपण फक्त तोल सांभाळायचा.

पेशंट नको म्हणाला तर जबरदस्ती करू नका. वेदनेची गोळी घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने परत विचारा, बऱ्याचदा नकार दुखण्यामुळे असतो.

## टप्पा १०: दर चार आठवड्यांनी पुन्हा मोजा

टप्पा २ मधल्या त्याच चार गोष्टी, त्याच खुर्चीवर, केमोच्या सायकलच्या त्याच आठवड्यात. तिसऱ्या आठवड्यातला आकडा पहिल्या आठवड्यातल्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

उठ-बसची वेळ तेवढीच राहिली असेल आणि केमो चालू असेल तर तुम्ही बरोबर करताय, चालू ठेवा. वेळ कमी झाली असेल तर भार वाढवा. वेळ वाढतच चालली असेल तर व्यायाम दुप्पट करू नका, आधी खाण्याची बेरीज परत करा, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हे विचारा: वेदना नीट आटोक्यात आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, स्टिरॉइड कमी करता येईल का, झोप आणि मन कसं आहे, मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड तपासलाय का (मानेच्या रेडिएशननंतर तो मंदावू शकतो आणि नुसता थकवा म्हणून चालून जातो), आणि आजार वाढलाय का. फिजिओ आणि डाएटिशियनची चिठ्ठी त्याच भेटीत लिहून घ्या, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये दोन्ही विभाग असतात पण चिठ्ठी मागितल्याशिवाय बऱ्याच वेळा मिळत नाही.